दुबराजच्या वाटीत भीमसेनी कापूर

नरहर पेंढारकरांचं नाक गेलं तेव्हा अभनपूरच्या स्पर्धेला तेवीस दिवस उरले होते. नाक गेलं म्हणजे जागचं हललं नाही. चेहऱ्यावर होतं तिथेच होतं, मोठं, सरळ, चष्मा नीट पेलणारं. फक्त त्यातून आत काही जाईनासं झालं. सर्दी आली, पाच दिवस राहिली आणि जाताना वास घेऊन गेली.

दुसऱ्या कुणाचं नाक असतं तर एवढं लिहायचं कारण नव्हतं. पण नरहररावांनी रायपुरात पस्तीस वर्षं तांदळाची दलाली केली ती या नाकावर. मूठभर तांदूळ घ्यायचा, मूठ तोंडाशी नेऊन आत गरम श्वास सोडायचा, मूठ उघडायची आणि लगेच हुंगायचं. दुबराज, विष्णुभोग की जीराफूल, नवा की गेल्या वर्षीचा, पोत्यात ठेवलेला की कोठीत, सगळं ते सांगत. दर जानेवारीत अभनपूरची शेतकरी समिती सुगंधी तांदळाची स्पर्धा भरवी. तिचे मुख्य परीक्षक अकरा वर्षं तेच होते. पहिल्या नंबरचा तांदूळ ज्याचा, त्याच्याकडचं बियाणं समिती पुढच्या वर्षी गावोगाव वाटे. त्यामुळे निकाल चुकला तर तो कागदावर राहत नसे, शेतात उगवत असे.

नाक गेल्याचा शोध यामिनीबाईंना लागला. दूध उतू जाऊन करपलं, भिंतीपलीकडच्या भावनाताई धावत आल्या, आणि स्वयंपाकघरातच बसलेले नरहरराव शांतपणे शब्दकोडं सोडवत होते.

यामिनीबाईंनी कॉलेजात एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं. त्या कमी बोलत आणि मोजून बोलत. भावनाताई गेल्यावर त्यांनी पाच छोट्या बाटल्या मांडल्या. लवंग, कॉफी, लिंबू, रॉकेल आणि नुसतं पाणी. प्रत्येकीवर आकडा चिकटवला.

नरहररावांनी पाची बाटल्या हुंगल्या. फार वेळ विचार केला. मग म्हणाले, "चौथी छान आहे."

चौथीत रॉकेल होतं.

"कोणाले सांगायचं नाही," नरहरराव म्हणाले. घाबरले की त्यांची भाषा पार नागपूरकडे वळे. "समितीच्या भार्गवला कळलं तं अकरा वर्षांचे निकाल उकरतील लोक. म्हणतील, याचं नाक कधीपासून बंद हाये कोणाले माहीत!"

"स्पर्धेपर्यंत नाही आलं, तर सांगावं लागेल," यामिनीबाई म्हणाल्या.

"येईल नं. काहून नाही येणार?"

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांचंही हेच म्हणणं होतं. "येईल. थांबा."

"किती दिवस?" यामिनीबाईंनी वही उघडून विचारलं.

"येईल तेव्हा येईल. एक फवारा देतो. आणि रोज लवंग, लिंबू असे ओळखीचे वास हुंगत राहा."

ज्या औषधाची मात्रा 'थांबा' आणि मुदत 'येईल तेव्हा', ते औषध वहीत कोणत्या रकान्यात लिहायचं हे यामिनीबाईंना कळेना. त्यांनी तीन रात्री संगणकावर शोधनिबंध वाचले. चौथ्या दिवशी त्यांना चीन सापडला.

चिनी वैद्यकात हुंगायच्या सुगंधी औषधांची एक जुनी परंपरा आहे. शरीराची बंद झालेली दारं ही द्रव्यं उघडतात, असं ते वैद्य मानतात. बंद दारं वगैरे वाचून यामिनीबाईंनी चष्मा काढून पुसला. पण खाली द्रव्यांची यादी होती, आणि त्या यादीत त्यांच्या ओळखीची मंडळी बसलेली होती. बोर्निओल म्हणजे आपला भीमसेनी कापूर. स्टोरॅक्स म्हणजे शिलारस. पॅचौली म्हणजे आपली सुगंधी पाच. मग कस्तुरी, ती त्यांनी वन्यजीव कायदा आठवून खोडली. याशिवाय दवण्याच्या जातीतल्या एका झुडपाच्या पाल्याच्या वळलेल्या कांड्या. त्या पेटवून धुरी द्यायची. निबंधातल्या प्रयोगात माणसं फक्त चौदा होती, आणि यामिनीबाईंनी समासात पेन्सिलीनं लिहिलं, 'फार कमी.' मग पर्स घेऊन त्या गोल बाजारात गेल्या.

भीमसेनी कापूर पूजासाहित्याच्या प्रत्येक दुकानात मिळतो, असं दुकानदारांचं मत आहे. यामिनीबाईंनी पर्समधून स्टीलचा पेला आणि पाण्याची बाटली काढली. साधा कापूर पाण्यावर तरंगतो, भीमसेनी बुडतो. पहिल्या दुकानातला तरंगला. दुसऱ्या दुकानातलाही तरंगला. तिसऱ्या दुकानाच्या मालकानं हात जोडले, "दीदी, भगवान ने आज तक पानी में डालकर नहीं देखा!" चौथ्या दुकानात खडा सावकाश, तिरका होत, पेल्याच्या तळाशी गेला. आठवडाभरात यामिनीबाईंना पहिल्यांदाच थोडं बरं वाटलं.

दोन भाग कापूर, एक भाग शिलारस, पाव भाग पाचेचं तेल, सगळं स्पिरिटमध्ये. छोट्या बाटलीत कापूस, कापसावर हा अर्क, दिवसातून सहा वेळा हुंगायचं. नरहरराव शहाण्या मुलासारखे हुंगत. त्यात काय आहे हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. ज्याचा वासच येत नाही त्याची चौकशी काय करायची, असा त्यांचा हिशोब असावा.

शेजाऱ्यांना 'यांना सर्दी आहे' एवढंच सांगितलं होतं. ही चूक होती. सर्दी हा आजार नसून सार्वजनिक काम आहे. रेल्वेतून निवृत्त झालेल्या भावनाताईंनी ओव्याची पुरचुंडी आणून दिली. तळमजल्यावरच्या काकूंनी नाकात मोहरीचं तेल सोडायला सांगितलं. सोसायटीचे सेक्रेटरी देवीदास मेश्राम जिन्यात भेटले की रोज म्हणत, "मी काय म्हणतो मॅडम, यायले एकदा लाल मिरचीची फोडणी हुंगवा. मुर्दा उठून बसते!" यामिनीबाई सगळ्यांना 'हो' म्हणत आणि वहीत लिहीत : दिवस नववा, पाचपैकी शून्य.

आणि दर दोन दिवसांनी समितीच्या भार्गवचा फोन येई. शेवटी त्याचा ठरलेला विनोद असे. "सर, नाक का बीमा करवा लिए ना? इस बार नौ कटोरे हैं!"

"हव, हव," नरहरराव हसत. फोन ठेवला की कपाळ पुसत.

कांड्या कोलकात्याहून मागवल्या होत्या. त्या आल्या, पण घरी आल्या नाहीत. स्पर्धेला बारा दिवस राहिले असताना निरोप मिळाला की पार्सल कुरियरच्या भनपुरीतल्या गोदामात अडवलं आहे. यामिनीबाई ट्रकांच्या रांगांमधून गाडी काढत तिथे पोचल्या.

खिडकीतल्या माणसानं क्ष-किरणातलं चित्र पडद्यावर दाखवलं. दहा जाडजूड कांड्या ओळीनं झोपल्या होत्या.

"मैडम, ये सिगार है?"

"नाही. वनस्पती आहे. आर्टेमिसिया."

"पीते हैं?"

"जाळतात."

"जला के पीते हैं?"

"जाळून शेकतात. आणि धुरी घेतात." धुरी म्हणताना आपला आवाज खाली गेला हे यामिनीबाईंना कळलं.

त्या माणसानं फॉर्म पुढे केला. त्यात चारच पर्याय होते. औषध म्हटलं तर परवाना हवा. खाद्यपदार्थ म्हटलं तर दुसरा परवाना हवा. 'अन्य' म्हटलं तर फॉर्म मुख्य कार्यालयात जाणार, तिथून वीस दिवसांनी येणार. वीस वजा बारा, यामिनीबाईंनी मनात केलं, आणि उत्तर त्यांना आवडलं नाही.

"पूजा सामग्री लिख दूँ?" तो माणूस सहानुभूतीनं म्हणाला. "जलाना ही तो है."

एकतीस वर्षं वर्गात 'पदार्थाला त्याच्या नावानं हाक मारा' असं सांगणाऱ्या यामिनी पेंढारकरांनी 'पूजा सामग्री' या शब्दांखाली पूर्ण सही केली. सहीतला शेवटचा फराटा जरा वाकडा आला.

त्या संध्याकाळी पहिली कांडी पेटली, आणि एक गोष्ट लक्षात आली जी शोधनिबंधात कुठेच नव्हती. त्या पाल्याचा धूर अगदी गांज्यासारखा वास मारतो. अगदी म्हणजे अगदी. यामिनीबाईंनी दारं-खिडक्या लावल्या. धूर दाराखालून गेला, जिन्यात उभा राहिला आणि वरच्या मजल्यावर चढला. नरहरराव खुर्चीत बसून डोळे मिटून धुरी घेत होते. त्यांना जगात कसलाच वास नव्हता.

तिसऱ्या दिवशी देवीदासजी दारात आले. ते फार अवघडले होते. त्यांचा मुलगा धम्मदीप यामिनीबाईंच्या हाताखाली शिकून भिलाईच्या कारखान्यात केमिस्ट झाला होता. 'सायन्स शिकावं तं मॅडमकडे' हे ते लग्नाकार्यात चार लोकांना ऐकवत.

"मॅडम, राग नका मानू. काय जाळून राहिल्या तुम्ही? लोकं भलतंच म्हणून राहिले."

खरं सांगितलं तर नाकाचं सांगावं लागणार. यामिनीबाईंनी आत जाऊन पार्सलची पावती आणली. देवीदासजींनी ती वाचली. दोनदा वाचली.

"पूजा सामग्री?"

"हो."

"तुम्ही? मॅडम, तुम्ही तं सायन्सच्या!" त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "आमच्या धम्मदीपला तुम्हीच शिकवलं नं, धुरानं काही होत नाही म्हणून?"

यामिनीबाईंनी पावती नीट चार घड्या घालून मुठीत धरली.

तेवढ्यात मागून नरहरराव आले. बायकोचा पडलेला चेहरा पाहून त्यांना चेव आला. "देवीदासजी, कसला वास? मले तं काहीच येऊन नाही राहिला!"

ते अक्षरशः खरं होतं.

"नाही येत?" देवीदासजी गोंधळले.

"सर्दी तं कधीच गेली. शपथेवर सांगतो. लेखी देऊ?" आणि त्यांनी सोसायटीच्या रजिस्टरात लिहूनही दिलं : 'आमच्या घरात कोणताही वास नाही. मी स्वतः वारंवार हुंगून खात्री केली आहे. न. वि. पेंढारकर.'

नरहररावांच्या नाकाची ख्याती अख्ख्या इमारतीला माहीत. तक्रार तिथेच संपली. जिला सुरुवात झाली ती निराळीच गोष्ट. पेंढारकरांना वास येत नाही, म्हणजे वास नाही. मग आपल्याला कसा येतो? तळमजल्यावरच्या काकूंनी फोडणी करताना नाक चाचपलं. भावनाताई गुपचूप डॉक्टरांकडे नाक दाखवून आल्या, आणि डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, "थांबा."

यामिनीबाईंनी कांड्या बंद केल्या. एका निरोगी शेजारणीला रुग्ण करणारा प्रयोग पुढे चालवायचा नसतो, एवढी नीती त्यांच्याकडे होती. उरली फक्त बाटली. दिवस अठरावा, पाचपैकी एक. दिवस विसावा, पाचपैकी एक, तोही पाण्याचा. दिवस बाविसावा, पाचपैकी दोन.

"दोन!" नरहरराव उभे राहिले.

"डोळे मिटून आकडे सांगितले तरी एखादा बरोबर येतोच," यामिनीबाई म्हणाल्या. आवाज कोरडा होता. पण त्या रात्री त्यांनी वरणात हिंग जरा सढळ टाकला आणि ताटाकडे पाहत राहिल्या. नरहरराव जेवले. काही बोलले नाहीत. बावीस दिवस ते वरणाबद्दल काही बोलले नव्हते. यामिनीबाईंनी हा आकडा वहीत लिहिला नव्हता, पण मोजला होता.

स्पर्धेच्या रविवारी सकाळी त्या गाडी चालवत होत्या, नरहरराव शेजारी पांढऱ्या कुडत्यात. परीक्षकांचा नियम कडक होता. आदल्या दिवसापासून साबण नाही, तेल नाही, पान नाही, अगरबत्ती नाही, हात धुवायचे ते नुसत्या पाण्यानं.

"पोचलो की भार्गवला बाजूला घेऊन सांगा," यामिनीबाई म्हणाल्या.

"बघू."

"बघू नाही. अहो, बियाण्याचा प्रश्न आहे. तुमच्या अंदाजावर शंभर घरं पेरणार."

"तुले काय वाटते, मले कळत नाही?" नरहरराव खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "तिथं खुर्चीत बसून 'मले वास येत नाही' म्हणायचं. मग मी कोण राहिलो?"

डोळे भरले तर रस्ता दिसत नाही, म्हणून यामिनीबाईंनी फक्त रस्ता पाहिला. आणि तरीही एक गतिरोधक त्यांना उशिरा दिसला. गाडी उडाली. शेजारी काहीतरी खुडबुड झाली, नरहररावांनी रुमाल काढला, परत ठेवला. "काही नाही, काही नाही," ते म्हणाले.

मंडपात दीडशे माणसं होती. टेबलावर काशाच्या नऊ वाट्या, वर पांढरं फडकं, पुढे फक्त आकडे. कुठली वाटी कुणाची हे एकट्या भार्गवला ठाऊक. दोरीपलीकडे शेतकरी उभे. सगळ्यात पुढे भीमाबाई, काळ्या ओठांची, ताठ, साठीची बाई, सहा वर्षं दुसरा नंबर घेऊन चिडलेली. दुसरी परीक्षक अनुश्री, कृषी महाविद्यालयातली तरुण मुलगी. नरहररावांनी नळावर नियमाप्रमाणे नुसत्या पाण्यानं हात धुतले. मग भार्गवकडे गेले.

भार्गवनं त्यांना बोलू दिलं नाही. "आइए सर, आइए!" म्हणत माईकवर नाव पुकारलं, टाळ्या पडल्या, आणि नरहरराव खुर्चीत बसले. त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं. तसं त्यांनी पूर्वी फक्त मुलीच्या ऑपरेशनच्या वेळी पाहिलं होतं.

पहिली वाटी. मूठ भरली, श्वास सोडला, हुंगलं, तांदूळ परत वाटीत. कागदावर काही लिहिलं नाही. दुसरी. तिसरी. अनुश्री त्यांच्यामागून तशीच हुंगत येत होती, आणि तिच्या कपाळावर एक आठी पडत चालली होती. चौथी, पाचवी. यामिनीबाई मनात म्हणाल्या, आता उठावं. सहाव्याला उठावं. सहाव्या वाटीशी नरहरराव थांबले.

त्यांनी मूठ पुन्हा नाकाशी नेली. डोळे विस्फारले. सातवी, आठवी, नववी. मग मागे वळून पहिली. मग दुसरी.

नरहरराव उठून उभे राहिले. माईक घेतला. त्यांचा आवाज अकरा वर्षांत नव्हता इतका भरदार लागला.

"नऊही वाट्यांत भेसळ आहे."

गलका उठला. भार्गवचा चेहरा उतरला. "क्या बोल रहे हैं सर?"

"कापूर आहे. साधा नाही, भीमसेनी." त्यांनी मूठ पुन्हा हुंगली, अगदी आनंदानं. "आणि शिलारस. कापराच्या निम्मा. आणि मागून किंचित पाच!"

"मलाही कापूर येतोय सर," अनुश्री म्हणाली. "मला वाटलं माझंच नाक बिघडलं."

यामिनीबाईंनी मनात मोजलं. दोन भाग, एक भाग, पाव भाग. त्यांच्या वहीतलं पान नवरा माईकवरून वाचून दाखवत होता. त्यांनी त्याच्या कुडत्याकडे पाहिलं. खिशाखाली शिलारसाचा तपकिरी डाग पसरला होता; दोन आठवडे घरात तोच वास, म्हणून गाडीत तो त्यांना वेगळा जाणवला नव्हता. गतिरोधक. बाटली. रुमाल. मग नळ, नुसतं पाणी. आणि भीमसेनी कापूर पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, हे या मंडपात फक्त एका माणसाला पक्कं माहीत होतं.

नाक परत आलं होतं, आणि आल्याआल्या त्यानं नऊ निरपराध शेतकरी पकडले होते.

"मोर चाउर म कपूर कहाँ ले आही, साहेब?" माझ्या तांदळात कापूर कुठून येणार, असं छत्तीसगढीत विचारत भीमाबाई दोरी ओलांडून पुढे आली. "छै बछर दूसर नंबर देव, अब चोर घलो कहिथव?" मागून दहा-बारा जण सरसावले. कुणीतरी ओरडलं की हे व्यापाऱ्यांचं कारस्थान. भार्गव स्पर्धा रद्द करायचं बोलू लागला.

वर्गाबाहेर कधी मोठ्यानं न बोललेल्या यामिनीबाई चालत टेबलापाशी गेल्या.

"तांदूळ चांगला आहे," त्या म्हणाल्या. कुणाला ऐकू गेलं नाही. त्यांनी माईक घेतला. "चावल अच्छा है. कापूर यांच्या हाताला आहे. माझ्या औषधाचा. बाटली गाडीत सांडली."

"कसलं औषध?" अनुश्रीनं विचारलं.

आता मात्र यामिनीबाई थांबल्या. पुढचं वाक्य त्यांचं नव्हतं. नरहररावांनी आपला तळहात हुंगला. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा विजय उतरला आणि तिथे काहीतरी साधं, उघडं राहिलं.

"नाकाचं," ते म्हणाले. "तीन आठवडे झाले. मले कशाचाच वास येत नव्हता. सांगायची हिंमत नाही झाली."

भीमाबाईनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"त अब आथे?"

"हव," नरहरराव म्हणाले. "आता येते."

"त फेर सूँघ!"

समितीच्या प्रथमोपचार पेटीतल्या स्पिरिटनं यामिनीबाईंनी नवऱ्याचे आणि अनुश्रीचे हात तीनदा पुसले, आणि तरीही नवऱ्याला हात पाठीमागे बांधायला लावले. भार्गवनं पोत्यांतून ताजा तांदूळ भरून आकडे बदलले. अनुश्रीनं मूठ भरायची, श्वास सोडायचा, आणि नरहररावांनी नमस्कार केल्यासारखं वाकून तिच्या मुठीत हुंगायचं. दोघांचे कागद वेगवेगळे घेतले. पहिले तीन आकडे जुळले. भीमाबाईचा दुसरा नंबर आला. ती त्यावरूनही भांडली, आणि जाताना यामिनीबाईंना म्हणाली की ती बाटली तिच्या नवऱ्यासाठी पाठवून द्यावी, तो घोरतो.

परतताना नरहरराव काच खाली करून बसले. डिझेल, ओलं गवत, कुठेतरी तळली जाणारी भजी, एकेकाचं नाव घेत राहिले. यामिनीबाईंनी मनातल्या मनात वहीतली शेवटची ओळ लिहिली : रुग्ण एक, तुलनेला दुसरा कुणी नाही, औषधानं झालं की थांबल्यानं, सांगता येत नाही. मग त्यांनी मनातल्या मनात वही मिटली.

जिन्यात देवीदासजी उभे होते. "काय मग साहेब, कोणाचा नंबर लागला?"

नरहरराव उत्तर द्यायला वळले, तोवर यामिनीबाईंनी दार उघडलं. बंद घरातली हवा बाहेर आली. नरहरराव उंबऱ्यावर थबकले. त्यांनी एकदा हुंगलं. पडद्याकडे तोंड नेऊन पुन्हा हुंगलं.

"अगं यामिनी!" ते ओरडले, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल एवढ्यानं. "घरात गांजा कोण ओढून राहिलं?"

शेजारच्या दारातून भावनाताईंचा आवाज आला, "माझं नाक ठीक आहे! देवीदासजी, माझं नाक ठीक आहे!"

देवीदासजींनी काखेतलं रजिस्टर उघडून 'कोणताही वास नाही' लिहिलेलं ते पान काढलं, पेनाचं टोपण काढलं, आणि दोन्ही गोष्टी नरहररावांपुढे धरल्या.